प्रश्न वाचकांचे: अंडकोषाची सोनोग्राफी, गाठ, सूज आणि अचानक उठणारी कळ

या वेळी आलेल्या प्रश्नांत बरेचसे एकाच जागेबद्दलचे होते आणि जवळपास प्रत्येकाने शेवटी लिहिलंय की प्लीज नाव छापू नका. नाही छापत, निर्धास्त रहा. पण एक गोष्ट मला फार लागली ती आधी बोलते. बहुतेक पत्रांत 'दोन महिन्यांपासून', 'मागच्या वर्षापासून' असं आहे, म्हणजे माणूस त्रास काढतोय, रात्री मोबाईलवर शोधत बसतोय, घरात कुणाला सांगत नाहीये आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पाय अडतोय. मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे, हे माझं रोजचं काम आहे आणि यातलं बरंचसं वेळेत दाखवलं तर पूर्ण बरं होणारं आहे, म्हणून सगळं सरळ शब्दांत लिहितेय.

प्रश्न: वय 22. उजव्या गोटीला वाटाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागतंय, दोनेक महिने झाले. दुखत अजिबात नाही म्हणून सोडून दिलं होतं पण आता डोक्यातून जात नाही. सोनोग्राफीत कॅन्सर आहे की नाही ते कळतं का? की डायरेक्ट सुई टाकून तपासतात? मला त्या सुईचीच जास्त भीती वाटते.

उत्तर: सुईची भीती आधी काढून टाका. गोटीतल्या गाठीत पिशवीच्या कातडीतून सुई घालून तुकडा काढत नाहीत, मुद्दामच काढत नाहीत, कारण गाठ कॅन्सरची निघाली तर सुईच्या वाटेने पेशी बाहेर पसरायचा धोका असतो. म्हणूनच इथे सोनोग्राफीला एवढं महत्त्व आहे.

प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवून फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, ठेवल्यावर मी पहिलं काय बघते तर गाठ गोटीच्या आत आहे का बाहेर. सगळं पुढचं त्यावर ठरतं. गोटीच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक मऊ, थोडी गुठळ्यागुठळ्यांची नळी असते, एपिडिडिमिस म्हणतात तिला, ती प्रत्येकालाच असते आणि खूप मुलं तिलाच गाठ समजून घाबरतात. तिथे पाण्याची सिस्ट झालेली असली तर स्क्रीनवर ती काळीभोर दिसते, कडा एकदम साफ, आत रक्तप्रवाह नाही. अशी सिस्ट कितीतरी धडधाकट पुरुषांत सापडते, दुखत नसेल तर तिला हातही लावायची गरज नसते. गोटीच्या बाहेरच्या गाठी बहुतेक करून निरुपद्रवी निघतात.

पण गाठ गोटीच्या आत असेल, भरीव असेल, आजूबाजूच्या भागापेक्षा काळपट दिसत असेल आणि डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावल्यावर तिच्यात रक्त खेळताना दिसत असेल, तर ती कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरून चालायचं हा आमच्याकडचा नियम आहे. आता हे वाचून हातपाय गाळू नका. गोटीतली गाठ सोनोग्राफीतून सहसा सुटत नाही, अगदी हाताला न लागणारी काही मिलिमीटरची सुद्धा दिसते. आणि पुढचं ऐका, हा कॅन्सर तरुणांचा आहे, साधारण 15 ते 40 या वयातला, आणि सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे, सगळे टप्पे धरले तरी पाच वर्षांनंतर सुमारे 95 टक्के पेशंट जिवंत असतात. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूला 1996 मध्ये हाच कॅन्सर निघाला, तेव्हा तो 25 वर्षांचा होता, फुप्फुसापर्यंत आणि मेंदूपर्यंत गेला होता आणि तरीही उपचारांनी तो त्यातून बाहेर आला.

तुमचं दुखत नाही म्हणून तुम्ही थांबलात, पण कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, त्यामुळे 'दुखत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नाही. याच आठवड्यात जा. संशय आला तर रक्ताच्या तीन तपासण्या करतात, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, आणि मग जांघेतून चीर देऊन ती गोटी काढतात, पिशवी कापून नाही. दुसरी गोटी चांगली असेल तर एका गोटीवर हार्मोन, संभोग, मूल होणं सगळं सहसा व्यवस्थित चालतं, तरी उपचार सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं का हे स्वतःहून विचारा, कारण पुढे केमो लागली तर त्या वेळी हे आठवून उपयोग नसतो.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझा मुलगा 14 वर्षांचा. पहाटे झोपेतून उठला, पोटात दुखतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटलं अपचन. बाबांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की खाली दुखतंय. हॉस्पिटलमध्ये सर्जननी हात लावून बघितलं आणि सोनोग्राफी न करताच तासाभरात ऑपरेशनला घेतलं. गोटी वाचली असं सांगितलं. पण दुसऱ्या, चांगल्या बाजूलाही टाके घातलेत. आता घरातले मोठे म्हणतात की साधी सोनोग्राफी न करता पोराला कापलंच कसं आणि चांगल्या बाजूला हात लावायचं काय कारण. माझ्या मनात शंका राहिलीय, आम्ही घाई केली का?

उत्तर: ताई, घाई नाही केलीत, वेळ वाचवलात आणि त्या वेळेनेच मुलाची गोटी वाचवली. त्या सर्जननी अगदी बरोबर केलं, आणि हे मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर म्हणून सांगतेय.

झालं होतं काय ते समजून घ्या. गोटी एका दोरीवर लटकलेली असते, त्या दोरीतून तिला रक्त येतं आणि परत जातं. बहुतेकांची गोटी आतून मागच्या बाजूला चिकटलेली असते, पण काही मुलांत जन्मतःच तशी चिकटलेली नसते, ती आत घंटेच्या लोलकासारखी मोकळी राहते. अशी गोटी कधीही, झोपेतसुद्धा, स्वतःभोवती फिरते आणि दोरीला पीळ पडतो. पीळ पडला की आधी रक्त बाहेर जायचं थांबतं, मग आत यायचं थांबतं आणि तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त गोट्या वाचतात, बारा तासांनी चित्र बरंच बिघडतं आणि चोवीस तास उलटून गेले तर वाचणं अवघडच. आणि हे तास हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून मोजायचे नसतात, दुखायला लागल्यापासून मोजायचे असतात. तुमचे काही तास घरीच गेले होते.

आता सोनोग्राफीचं. वयात येणारा मुलगा, एका बाजूला अचानक जोरात दुखणं, सोबत उलटी, गोटी वर ओढली गेलेली, आडवी झालेली, मांडीच्या आतल्या बाजूला हलकं खरवडल्यावर गोटी वर उचलली जायला हवी ती जात नाही, एवढं सगळं हाताखाली दिसत असेल तर निदान झालेलंच असतं. मग सोनोग्राफीसाठी थांबणं, मशीन मोकळं होण्याची वाट बघणं, डॉक्टर यायची वाट बघणं यात जे जातं ते परत येत नाही. सोनोग्राफी लागते ती शंका असेल तेव्हा, म्हणजे पीळ आहे का इन्फेक्शन आहे हे कळत नसेल तेव्हा, आणि तीही लगेच हाताशी असेल तरच. तेव्हा मी डॉप्लरवर दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघते, इन्फेक्शनमध्ये दुखऱ्या बाजूला रक्त जास्त धावताना दिसतं, पिळात कमी किंवा अजिबात नाही, आणि वर दोरी बघितली तर ती गोल गोल गुंडाळलेली दिसू शकते. पण पीळ अर्धवट असेल किंवा पडून सुटला असेल तर रक्त चालू दिसतं आणि रिपोर्ट फसवतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही सर्जनला शंका असेल तर ते उघडून बघतात आणि त्यात काही चुकीचं नाही. आत पीळ नाही निघाला तर एक छोटी जखम भरून येते, पीळ असून उघडलं नाही तर गोटी जाते.

दुसऱ्या बाजूला टाके का, तर ती मोकळं राहण्याची ठेवण बहुतेक वेळा दोन्हीकडे असते. आज एकीकडे पीळ पडला, उद्या दुसरीकडे पडू शकतो, म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये दोन्ही गोट्या आतून शिवून पक्क्या करतात. घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा.

एक मात्र मनापासून सांगायचंय, सगळ्याच आईबाबांना. तुमच्या मुलाने आधी 'पोटात दुखतंय' सांगितलं, याची दोन कारणं असतात, एक म्हणजे पिळाचं दुखणं खरंच पोटात जातं, आणि दुसरं म्हणजे मुलांना लाज वाटते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की त्याला एकदा शांतपणे सांगून ठेवा की खाली अचानक दुखलं तर रात्रीचे दोन वाजले असतील तरी आम्हाला उठवायचं, कुणी रागावणार नाही. आणि मोठ्या मुलाच्या पोटात अचानक दुखून उलट्या होत असतील तर 'खाली दुखतंय का' हे विचारा, विचारायला दहा सेकंद लागतात.

प्रश्न: मला सोनोग्राफी लिहून दिलीय पण मी चिठ्ठी खिशात घेऊन फिरतोय. लेडी डॉक्टर असतील तर? आणि खरं सांगतो, तपासताना ताठरता आली तर काय करायचं? उपाशी जायचं का, केस काढायचे का, दुखतं का?

उत्तर: तुम्ही विचारलंत ते बरं झालं, बाकीचे मनात ठेवतात.

उपाशी राहायचं नाही, पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची नाही, केस काढायचे नाहीत, फक्त अंघोळ करून या आणि जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या. खोलीचं दार बंद असतं. तुम्ही पाठीवर झोपता, पॅन्ट आणि अंडरवेअर खाली करता, पिशवीच्या खाली टॉवेलची घडी ठेवतात म्हणजे ती वर येऊन स्थिर राहते, लिंग तुम्ही स्वतःच हाताने पोटाकडे धरून ठेवता आणि त्यावर चादर किंवा दुसरा टॉवेल असतो. म्हणजे उघडी राहते ती फक्त पिशवी. मग कोमट किंवा थोडं गार जेल लावतात, गार असेल तर पिशवी आकसते आणि बघायला त्रास होतो म्हणून मी तरी कोमट करूनच वापरते. प्रोब हलकेच टेकवून फिरवतात. पोटाला वापरतात तो मोठा वाकडा प्रोब इथे नसतो, छोटा सरळ असतो, जास्त फ्रिक्वेन्सीचा, त्याला खोलवर दिसत नाही पण वरवरचं अगदी बारीक दिसतं आणि गोटी कातडीखालीच असल्यामुळे आम्हाला हेच हवं असतं. मधेच श्वास धरून पोटावर जोर द्यायला सांगतात, खोकायला सांगतात, कधी उभं करून बघतात, शिरा आणि हर्निया बघण्यासाठी असतं ते. डॉप्लर चालू केला की स्क्रीनवर लाल-निळं दिसतं आणि कधी हुश्श-हुश्श आवाज येतो, तो तुमच्याच रक्ताचा, घाबरायचं नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. यात एक्स-रे नाही त्यामुळे रेडिएशनचा प्रश्नच नाही. सूज किंवा इन्फेक्शन असेल तर प्रोब टेकल्यावर थोडं दुखतं, एरवी नाही.

ताठरता येऊ शकते, ते शरीराचं आपोआप होणारं काम आहे, आम्हाला ते शिकवलेलं असतं, आम्ही दोन मिनिटं थांबतो किंवा तसंच पुढे काम करतो आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. लेडी डॉक्टरबद्दल म्हणाल तर मी स्वतः बाई आहे, आणि त्या खोलीत माझं लक्ष स्क्रीनवर असतं. तरीही तुम्हाला संकोच होत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच पुरुष डॉक्टर मिळतील का असं विचारा, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि सोबत घरचं कुणी असायला हवं असेल तर तेही सांगा. फक्त चिठ्ठी खिशात ठेवू नका.

प्रश्न: लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला व्हेरिकोसील आलंय, शीर 3.2 मिलिमीटर लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करून टाका, दुसरे म्हणाले काही गरज नाही. आम्ही कुणाचं ऐकायचं?

उत्तर: ठरवायला अजून एक कागद हवा आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, तो म्हणजे वीर्य तपासणीचा रिपोर्ट. शुक्राणू किती आहेत, हलतात कसे, हे सोनोग्राफीत दिसत नाही. ती फक्त गोट्यांचा आकार, शिरा, गाठी आणि रक्तप्रवाह दाखवते.

व्हेरिकोसील म्हणजे गोटीकडून वर रक्त नेणाऱ्या शिरा फुगणं. साधारण 15 टक्के पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या कितीतरी जणांना मुलं आरामात होतात. पण ज्यांना मूल होत नाहीये अशा पुरुषांमध्ये हे प्रमाण जास्त, 35 ते 40 टक्क्यांच्या आसपास सापडतं, म्हणून डॉक्टर त्याकडे बघतात. डावीकडेच का येतं तर डावीकडची शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, तिथे दाब जास्त पडतो आणि रक्त उलटं यायला लागतं. सोनोग्राफीत जोर द्यायला सांगून शीर किती फुगते आणि रक्त उलटं वाहतं का हे बघतात, 3 मिलिमीटरच्या वर गेली आणि उलटा प्रवाह असेल तर व्हेरिकोसील लिहितात. तुमचा आकडा त्या रेषेच्या जरासा वर आहे.

ऑपरेशनचा विचार कधी करायचा तर व्हेरिकोसील डॉक्टरांच्या हाताला लागत असेल, वीर्याचा रिपोर्ट खराब असेल, आणि बायकोच्या तपासण्या नॉर्मल असतील किंवा जे काही असेल ते बरं होण्यासारखं असेल, हे सगळं जुळून आलं तर. नुसतं मशीनवर दिसतंय, हाताला लागत नाही, त्याचं ऑपरेशन करून फायदा होत नाही असंच आजवर दिसलंय, त्यामुळे नुसता मिलिमीटरचा आकडा बघून कुणी टेबलावर घेत असेल तर थांबा. आधी वीर्य तपासणी करा, दोन ते पाच दिवस संबंध न ठेवता द्यायची असते, खराब आली तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा करा, आणि तुमच्याही तपासण्या त्याच वेळी होऊ द्या म्हणजे वेळ जाणार नाही. ऑपरेशन केलंच तर लगेच महिन्याभरात फरक शोधू नका, शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, तीन ते सहा महिन्यांनी रिपोर्ट बघतात.

आणि एक, मिस्टरांचं नाही पण इतरांसाठी लिहिते: फुगलेल्या शिरा फक्त उजवीकडे असतील, किंवा चाळिशीनंतर एकदम नव्याने आल्या असतील, किंवा आडवं झोपल्यावरही बसत नसतील तर पोटाची, किडनीची सोनोग्राफी करून घ्यायचीच, वर कुठे दाब येतोय का बघायला.

प्रश्न: वडील 64 वर्षांचे, कित्येक वर्षं हायड्रोसील आहे, आता नारळाएवढी पिशवी झालीय. आतमध्ये पाणी आहे हे टॉर्च लावूनच कळतं ना, मग ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफीचा खर्च कशाला? आणि सुईने पाणी काढून भागणार नाही का?

उत्तर: टॉर्चने पाणी कळतं हे खरंय, अंधारात लावला की पिशवी लालसर उजळते. पण त्या पाण्याच्या आत गोटी कशी आहे हे टॉर्चने कळत नाही आणि एवढ्या मोठ्या हायड्रोसीलमध्ये ती हातालाही लागत नाही. सोनोग्राफीला पाण्याची अडचण होत नाही, उलट पाण्यातून गोटी फार छान दिसते. मागे गाठ आहे का, पाण्याऐवजी पू किंवा जुनं रक्त आहे का, सोबत हर्निया उतरलाय का हे बघून मगच सर्जन चीर कुठून द्यायची ते ठरवतात. आत आतड्याचा भाग असेल तर स्क्रीनवर तो वळवळताना दिसतो. फायलेरियाच्या भागात राहिलेल्या माणसात तर कधीकधी सुजलेल्या नळ्यांमध्ये जिवंत जंत सतत हलताना दिसतात, आमच्यात त्याला फायलेरिया डान्स म्हणतात, एकदा बघितलं की विसरत नाही.

सुईने काढलेलं पाणी बहुतेक वेळा परत भरतं आणि वर इन्फेक्शनचा धोका. वडिलांना भूल झेपत नसेल तर तो विचार करतात, नाहीतर ऑपरेशनच बरं. तरुण माणसाला अचानक नवीन हायड्रोसील आलं तर सोनोग्राफी अजिबात टाळू नये, क्वचित त्यामागे गोटीची गाठ असते.

प्रश्न: वय 29. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस लिहिलंय. नेटवर वाचलं आणि झोप उडाली.

उत्तर: गोटीत खडूच्या कणाएवढे, त्याहून बारीक कॅल्शियमचे ठिपके दिसले, बाकी काही नाही. ते दुखत नाहीत, वाढून गाठ होत नाहीत, त्यांना औषध नाही आणि लागतही नाही. नेटवर कॅन्सरचा संबंध वाचला असेल, तो असा आहे की ज्यांना आधीपासून जोखीम आहे, म्हणजे लहानपणी गोटी वर राहिली होती, गोटी खूप लहान आहे, आधी एका बाजूला कॅन्सर होऊन गेलाय किंवा वडील-भाऊ यांना झालाय, अशांना हे ठिपके असतील तर दरवर्षी एकदा सोनोग्राफी करावी असं युरोपातल्या रेडिओलॉजिस्टच्या संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, वयाच्या 55 पर्यंत. यातलं तुम्हाला काहीच नसेल तर पुन्हा पुन्हा सोनोग्राफीची गरज नाही. महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असते तेव्हा, अंगठा आणि बोटांमध्ये एकेक गोटी हळू फिरवून बघा, आणि काही कडक लागलं तरच या. गोट्या एकसारख्या नसतात, एक थोडी मोठी, एक खाली, हे नॉर्मल आहे.

प्रश्न: बाळ आठ महिन्यांचं आहे, एका बाजूची गोटी लागत नाही. सोनोग्राफी करून घेऊ का?

उत्तर: सोनोग्राफीच्या आधी लहान मुलांच्या सर्जनकडे न्या. पोटात राहिलेली गोटी सोनोग्राफीत बऱ्याचदा सापडत नाही आणि सापडली नाही म्हणजे नाहीच असं म्हणता येत नाही, त्यामुळे रिपोर्ट काहीही आला तरी पुढचं काही बदलत नाही, फक्त दिवस जातात. अनुभवी हात जास्त सांगतो. सहा महिन्यांनंतर ती आपोआप खाली यायची शक्यता फार कमी, म्हणून ऑपरेशन साधारण 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान करतात. तुमचं बाळ त्याच वयात आहे, म्हणजे मोठा झाल्यावर बघू असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

प्रश्न: खेळताना बॉल जोरात लागला, काल. पिशवी सुजलीय आणि निळी पडलीय. बर्फ लावतोय. किती दिवस वाट बघू?

उत्तर: वाट बघू नका, आजच जा. मार लागला आणि तासाभरात दुखणं ओसरलं तर ठीक, पण सूज आणि निळेपणा आला असेल तर गोटीवरचं पांढरं जाड आवरण फाटलंय का हे सोनोग्राफीत बघावं लागतं. फाटलं असेल आणि पहिल्या तीन दिवसांत शिवलं तर गोटी वाचायची शक्यता खूप जास्त असते.

प्रश्न: वय 38. एपिडिडिमायटिस (गोटीमागच्या नळीचं इन्फेक्शन) झाला होता, अँटिबायोटिकचा कोर्स संपला, ताप गेला, दुखणं गेलं पण मागे कडकपणा अजून आहे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितलीय. बरं वाटतंय तर कशाला?

उत्तर: दुखणं आधी जातं, सूज मागून जाते, चार-सहा आठवडे सहज लागतात, त्यामुळे थोडा कडकपणा आहे म्हणून लगेच घाबरू नका. पण पुन्हा करा नक्की. इन्फेक्शनमध्ये गोटीचा एखादा भाग सुजून काळपट दिसतो आणि गाठही काळपट दिसते, पहिल्या दिवशी दोन्हीत फरक करणं कधीकधी जमत नाही. सूज असेल तर सहा आठवड्यांत विरते, गाठ विरत नाही. आणि लैंगिक संबंधातून आलेल्या इन्फेक्शनचं निदान झालं असेल तर जोडीदाराचेही उपचार झालेत ना ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर तेच परत येतं.

प्रश्न: वय 33. वर्षभर डावीकडे मंद दुखतं, बसून काम केलं की जास्त. तीन वेळा सोनोग्राफी झाली, तिन्ही नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात मनातलं काढून टाका. पण मला खरंच दुखतं हो.

उत्तर: दुखतंय म्हणजे दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. नॉर्मल रिपोर्टने एवढं मात्र नक्की सांगितलं की गोटीत गाठ नाही, इन्फेक्शन नाही, रक्तप्रवाह ठीक आहे, आणि ही चांगली बातमी आहे, ती बाजूला ठेवून आता दुसरीकडे शोधायला हवं. गोटीच्या नसा पोटातून येतात त्यामुळे मूत्रनळीत अडकलेला खडा, जांघेतला लहान हर्निया, कमरेच्या मणक्यातून दबलेली नस, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, या सगळ्यांचं दुखणं गोटीत जाणवू शकतं. नसबंदी झालेल्या काही जणांनाही असं दुखतं, त्यांच्या सोनोग्राफीत एपिडिडिमिस जरा फुगलेली दिसते.

चौथी सोनोग्राफी पिशवीची करू नका. युरोलॉजिस्टकडे जा, लघवीची तपासणी आणि किडनी-मूत्रनळी-मूत्राशयाची सोनोग्राफी झाली नसेल तर ती करा, हर्नियासाठी उभं राहून जोर देऊन तपासायला सांगा, बसून दुखतं म्हणताय तर कमरेचंही दाखवा. तोपर्यंत आधार देणारी घट्ट अंडरवेअर, दर तासाला उठून चालणं, एवढ्याने बऱ्याच जणांना फरक पडतो. दुखायला लागलं की वेळ, बसणं-उठणं, लघवी, संबंध असं वहीत लिहून ठेवा, पंधरा दिवसांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवलीत की 'मनातलं' म्हणणं त्यांनाही सोपं जाणार नाही. आणि कधी हेच दुखणं एकदम जोरात उठलं, सोबत मळमळ झाली, तर तीन नॉर्मल रिपोर्ट घरी ठेवून सरळ इमर्जन्सीला जायचं, जुना रिपोर्ट त्या रात्रीचं काही सांगत नाही.